दोन ठोक्यांमधली जागा

तो कागद फाडत होता. कोऱ्या कागदाची आधी उभी घडी, मग आडवी, मग पुन्हा एकदा. प्रत्येक घडीवरून अंगठ्याचे नख ओढायचे आणि कुणाची झोप मोडणार नाही इतक्या हळू त्याच्या आठ चिठ्ठ्या करायच्या. सिस्टरच्या टेबलापाशी अजून नीट उजाडले नव्हते. पुरुषांच्या त्या लांबट वॉर्डाला पूर्वेकडे सहा खिडक्या होत्या आणि तिथे सकाळ एकदम होत नसे, खिडकीखिडकीने होई. आधी वरच्या तावदानांवर उडालेले रंगाचे जुने शिंतोडे दिसू लागत. मग छत फिकट होई. मग ऊन उलट्या टांगलेल्या सलाइनच्या बाटल्यांत उतरे, आणि त्यांतले पाणी क्षणभर फार मोलाचे काहीतरी असल्यासारखे वाटे. तिथून ते भिंतीवरून ओघळत खाटांच्या दांड्यांवर येई, पांघरुणांवर पसरे, झोपलेल्यांच्या तळपायांना लागे आणि शेवटी खाटांखालच्या चपलांपर्यंत पोचे. त्या उन्हात विशेष असे काही नव्हते. ते कुणासाठी येत नसे. तापाने फणफणलेल्या कपाळावर ते जसे पडे, तसेच झाकण घातलेल्या लघवीच्या भांड्यावरही पडे. तरी रोज अर्धा तास लवकर येऊन तो ते बघत बसे. कुणी विचारलेच, तर चिठ्ठ्या करायला येतो, असे सांगण्याची सोय होती.

"साहेब, आज परत चिठ्ठ्या?"

सात नंबरच्या खाटेवरचे शिंपी जागे झाले होते.

"आज नाही. आज मोठे सर परीक्षा घेणार आहेत."

"मग फाडताय कशाला?"

त्याने हातातल्या चिठ्ठ्यांकडे पाहिले. "सवय झालीय."

"माझंही तसंच. इथं आल्यापासून कापड नाही हातात, पण चादरीची शिवण उसवलेली दिसली की बोटं शिवशिवतात." शिंपी उठून बसले, छातीवर हात ठेवून जरा दम घेतला. "बघा गंमत. आख्खा जन्म दुसऱ्यांच्या छातीची मापं घेण्यात गेला. आता येईल तो माझ्याच छातीचं माप घेतोय."

लहानपणीच्या सांधेतापाने शिंप्यांच्या हृदयाची एक झडप आखडली होती. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ते वॉर्डात होते. त्या आखडलेल्या झडपेतून रक्त जाताना दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत एक हलकी, खोल गुरगुर उमटे. पुस्तकात तिला मर्मर म्हटले होते. ती ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे लागे, श्वास सोडून थांबायला सांगावे लागे, आणि एवढे करूनही नवख्या कानाला ती सापडतेच असे नव्हते. ठोके सहज ऐकू येत. अवघड होती ती मधली जागा.

हे शिकवायची त्या वॉर्डात वर्षानुवर्षे एकच रीत होती. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, खाटेशी उभे राहत, स्वतः ऐकत, मग रोगाचे नाव सांगून त्या आवाजाचे असे वर्णन करीत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यानंतर त्यांचा स्टेथोस्कोप एकेकाच्या कानात जाई. "ऐकू आलं?" "हो, सर." पुढचा. "ऐकू आलं?" "हो, सर." सिस्टर याला हो-सरांचा पाढा म्हणत. नाही म्हणणारे मूल त्यांनी नोकरीच्या बावीस वर्षांत पाहिले नव्हते.

त्याने ही रीत उलटी करायची परवानगी मागितली होती. आधी काही सांगायचे नाही. मुलांनी ऐकायचे, जे ऐकले ते चिठ्ठीवर आपल्या शब्दांत लिहायचे, नाव न घालता घडी करून ट्रेमध्ये टाकायचे. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या की मग शिकवणे सुरू. शिक्षकांसाठी झालेल्या तीन दिवसांच्या एका कार्यशाळेतून ही कल्पना त्याने आणली होती. मुले त्याला धाकटे सर म्हणत; नऊ वर्षांच्या नोकरीत धाकट्या सरांनी मोठ्या सरांकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"चिठ्ठ्या?" मोठे सर तेव्हा म्हणाले होते. "आपण काय सोडत काढतोय?" मग त्याचा चेहरा पाहून खुर्चीत मागे टेकले. "बरं. चार आठवडे देतो. अर्धी मुलं तुझी, अर्धी माझी. मग परीक्षा मी घेणार. तुझी पुढे गेली तर पुढच्या सत्रापासून सगळ्या वॉर्डांत तुझ्या चिठ्ठ्या. मागे पडली, तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

पहिल्या आठवड्यात सगळ्याच चिठ्ठ्यांवर पुस्तकातला परिच्छेद उतरला. सात नंबरच्या खाटेत काय आहे, हे वरच्या वर्गाकडून मुलांना आधीच कळलेले. मग तो त्यांना भलत्याच खाटांशी नेऊ लागला. एकदा तर त्याने सिस्टरलाच खुर्चीत बसवले, आणि त्यांच्या ठणठणीत हृदयात आठांपैकी पाच जणांना बिघाड ऐकू आला. "मला आजच दाखल करून घ्या," सिस्टर म्हणाल्या, "निदान दोन दिवस झोप तरी मिळेल." मुले हसली. दुसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये एक चिठ्ठी निघाली: काही ऐकू आले नाही. तिसऱ्या आठवड्यात तशा पाच निघाल्या. त्या ज्यांच्या असतील त्यांनी दुपारी एकेकट्याने यावे, असे त्याने सांगितले; पाचही आले. त्याने त्यांचा हात धरून स्टेथोस्कोप बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवला, आणि कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहत राहिला.

त्या चिठ्ठ्या तो घरी घेऊन गेला होता. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"नापासांचे कागद जपून ठेवणारा मास्तर पहिल्यांदाच बघतेय मी."

"नापास नाहीयेत ती."

"ते कळलं. पहिलीतल्या मुलांना मी 'समजलं का' असं विचारतच नाही. विचारलं की चाळीसच्या चाळीस माना हलतात. फळ्यापाशी बोलावते सरळ." मग थांबून म्हणाली, "पण तुला हे एवढं का लागून राहिलंय रे?"

तो बोलत राहिला: कुठल्या देशांत काय प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष काय, मुलांच्या लक्षात किती टिकते. तिने सगळे ऐकून घेतले.

"खरं असेल सगळं. पण पाठ करून आल्यासारखा बोललास."

तो उठला. ताटे उचलून आत गेला.

मोठे सर नऊ वाजता आले. ते आले की वॉर्डातली पांघरुणे आपोआप नीट होत. उंच, ताठ, कोटाच्या खिशातून लोंबणारा जुना स्टेथोस्कोप. प्रत्येक खाटेशी दोन शब्द बोलल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

"काय शिंपीबुवा, माझा कोट कधी उसवून देताय?"

"तुम्ही पोट कमी करा साहेब, कोट आपोआप मोठा होईल."

मुले हसू दाबून उभी राहिली. डावीकडे मोठ्या सरांची आठ, उजवीकडे त्याची आठ. त्याच्या आठांत पुढे एक मुलगी होती, जिला वर्गातले सगळे शंका म्हणत, कारण कुठलाही तास तिच्या प्रश्नाशिवाय संपत नसे. आज ती गप्प होती, कोटाची बाही बोटांवर ओढून घेत होती.

"दोन्हीकडचे पाच-पाच," मोठे सर म्हणाले. "आणि माझ्याच नळीतून ऐकायचं. 'सर, माझा स्टेथोस्कोप साधा आहे' ही सबब मला ऐकू येत नाही."

शिंपी डाव्या कुशीवर वळले. डावीकडचा पहिला मुलगा वाकला, ऐकले, सरळ झाला.

"ऐकू आलं?"

"हो, सर." आणि त्याने मर्मरचे वर्णन घडघडा म्हणून दाखवले. दुसऱ्या मुलीनेही. तिसरा चष्मेवाला उंच मुलगा होता. स्टेथोस्कोप एकदा हातातून निसटला, त्याने तो पटकन सावरला, चकतीशी काहीतरी चाळा केला, छातीला लावला.

"ऐकू आलं?"

"हो, सर. स्पष्ट."

चौथा, पाचवी. हो, सर. हो, सर. मोठ्या सरांनी मान हलवली. त्यांनी मुद्दाम त्याच्याकडे पाहिले नाही; जिंकताना समोरच्याचे तोंड बघू नये एवढी माया त्यांच्यात होती.

"आता चिठ्ठीवाले."

शंका पुढे झाली. शिंप्यांना तिने "काका, श्वास सोडून थांबाल?" असे विचारले. ऐकले. कपाळाला आठी पडली. चकती बोटभर सरकवून पुन्हा ऐकले. वॉर्डात सगळे तिच्याकडे बघत होते. कुठेतरी ट्रॉलीचे चाक कुरकुरले.

"ऐकू आलं?"

"नाही, सर."

"मर्मर नाही ऐकू आली?"

"काहीच नाही, सर." तिचा आवाज बारीक झाला. "ठोकेसुद्धा नाही."

"ठोकेसुद्धा नाही?" मोठे सर खळखळून हसले. "अहो शिंपीबुवा, तुम्ही केव्हा गेलात? आम्हाला कळवलं नाहीत!"

"आत्ता तर चहा प्यालो, साहेब," शिंपी उशीतून म्हणाले. "बिनसाखरेचा होता, पण त्यानं काही मेलो नाही."

हशा पिकला. शंकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण तिने "पुन्हा ऐकते" असे म्हटले नाही, की "आलं, सर" असेही म्हटले नाही. स्टेथोस्कोप दोन्ही हातांत धरून ती नुसती उभी राहिली. मोठ्या सरांचे हसू ओसरले. ते तिच्याकडे वाकून, समजुतीच्या सुरात बोलू लागले.

"घाबरू नकोस, पोरी. तुझी चूक नाही. तुला आधी सांगायलाच हवं होतं काय ऐकायचं ते. आता ह्याला बघ, तुझ्या धाकट्या सरांना. तुझ्याएवढाच होता. त्या तिकडे कोपऱ्यातल्या खाटेवर एक गवंडी होता. बारा जणांनी मला हो सर, हो सर केलं, पण चेहऱ्यावरून कळतं हो, एकाचाही चेहरा मला पटेना. शेवटी ह्याच्या कानात नळी घातली. ह्यानं डोळे मिटले. चांगलं अर्धं मिनिट. आणि म्हणाला, 'लांबच्या पुलावरून जड गाडी गेल्यासारखं, सर.' मी तिथंच ठरवलं, हा पोरगा माझा. पंधरा वर्षं झाली. सांग ना रे हिला, कसं ऐकायचं ते."

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने शंकाच्या हातातून स्टेथोस्कोप घेतला. बोलण्याआधी काहीतरी करायला हवे, म्हणून सवयीने नळ्या कानात घातल्या आणि चकतीवर बोटाने टिचकी मारली.

काही आले नाही. त्याने पुन्हा टिचकी मारली. मग चकती उलटून पाहिली. तिला दोन तोंडे होती, एक पसरट, एक घंटेसारखे खोलगट. मधला दांडा फिरवला की एक उघडे आणि दुसरे मिटे. मोठ्या सरांनी खोलगट तोंड उघडून दिले होते. आता ते मिटलेले होते. त्यातून मर्मरच काय, ठोकाही येणे शक्य नव्हते.

त्याने चष्मेवाल्याच्या बोटांकडे पाहिले. त्या मुलाचाही जीव आता त्या चकतीत अडकला होता. मुलाने खाली मान घातली.

त्याने आपल्या कानांतल्या नळ्या काढून मोठ्या सरांपुढे धरल्या. त्यांनी कानात घातल्या, शिंप्यांच्या छातीला चकती लावली. वॉर्डातली सगळी सकाळ तेवढ्या जागेत थांबली. मग त्यांनी चकती उलटून पाहिली, दांडा कट्‌ करून फिरवला, आणि कानातून नळ्या काढल्या.

"केव्हापासून?" त्यांनी कुणालाच न विचारता विचारले. मग डाव्या रांगेकडे पाहिले. "तिसरा. चौथा. पाचवी." प्रत्येक शब्दागणिक एकेक मान खाली गेली. "बंद नळीतून स्पष्ट ऐकू आलं? माझ्या तोंडावर?"

पाचवीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले होते आणि ते पुसायला तिला हात उचलवत नव्हता. तो उजवीकडे वळला असता तर स्वतःच्या आठांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली असती. परीक्षा त्याने जिंकली होती. हे कुणी मोठ्याने म्हणायचेही राहिले नव्हते.

मोठे सर रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. "सिस्टर, कागद द्या. ह्या तिघांची नावं मी वर पाठवतोय. या वर्षी ह्यांना परीक्षेला बसता येणार नाही. आज न ऐकता ऐकलं म्हणतात. उद्या न तपासता औषध देतील. पेशंट मेला तरी म्हणतील, ठोके स्पष्ट होते." त्यांनी पेनाचे टोपण काढले. "चुकतोय का मी, धाकट्या? तू सांग. तुझा कान खोटं बोलत नाही."

सिस्टरने कागद ठेवला. चष्मेवाला काहीतरी पुटपुटला. त्यात "बाबांना" एवढाच शब्द कळला.

तो स्टेथोस्कोपकडे बघत होता. गवंड्याच्या त्या दिवसानंतर काही वर्षांनी आलेल्या एका दुपारची गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. सुटीचा दिवस होता, वॉर्डात पंख्यांखेरीज काही हलत नव्हते, आणि वेळ जाईना म्हणून तो एका म्हाताऱ्या माळ्याची छाती तपासत बसला होता. माळी झोपला होता. ठोका, मग रिकामी जागा, मग ठोका. आणि मग त्या रिकाम्या जागेत, अगदी तळाशी, काहीतरी हललेले त्याला ऐकू आले. श्वास रोखून त्याने आणखी ऐकले. ते होते. पुन्हा होते. ते पुलावरून गेलेल्या गाडीसारखे मुळीच नव्हते. झोपेतल्या माणसाने काहीतरी म्हणू पाहावे आणि राहून जावे, तसे होते. तो ताडकन उभा राहिला होता. कुणाला तरी हाक मारायची होती, धावत जाऊन मोठ्या सरांना सांगायचे होते. दारापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मग परत येऊन त्याने माळ्याच्या सदऱ्याची बटणे एकेक करून लावली आणि स्टुलावर बराच वेळ बसून राहिला.

"सर, ही खोटारडी मुलं नाहीत."

"मग कोण आहेत?"

"आपण विचारतो 'ऐकू आलं?' आणि तुमच्यासमोर उभं असताना नाही म्हणायला..." त्याने डाव्या रांगेकडे पाहिले. "वर्गात कुणी नाही म्हणालेलं असतं, तर त्यांनाही म्हणता आलं असतं."

"ही म्हणालीच की!" त्यांनी शंकाकडे बोट केले. "आणि तू? तू काय वेगळ्या वर्गात होतास? तुझ्या मागेपुढे सगळे हो सर म्हणतच होते. तुला कुणी अडवलं होतं?"

त्याचे ओठ हलले. शेजारी उभ्या असलेल्या शंकाला ऐकू गेले असावे, कारण तिने चटकन वर पाहिले. शिंपीही उशीवर कोपर टेकून उठले.

"काय?" मोठे सर म्हणाले. पेन अजून कागदावर टेकले नव्हते. "मोठ्यानं बोल. तोंडातल्या तोंडात काय म्हणतोस?"

"त्या गवंड्याच्या छातीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं, सर."